क्रमांक दिसत नाही

आमच्या नानांना माणसांची नावं लक्षात राहत नसत. बंदुकांचे नंबर मात्र राहत. एकदा कचेरीतल्या शिपायाच्या मुलीच्या लग्नात आम्ही पंगतीला बसलो होतो. जिलबी वाढायला एक धिप्पाड गृहस्थ आले. नानांनी मान वर केली, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "एकनळी, बारा बोअर. शेवटचे आकडे चार, शून्य, सात. दस्त्याला तडा गेला होता, बांधून घेतलात की नाही?" गृहस्थांचा हात जिलबीसकट हवेत थांबला. नानांच्या शेजारी बसलेल्या कोणा आजींनी आपलं पान हळूच उचललं आणि दोन जागा पलीकडे जाऊन बसल्या. त्या गृहस्थांचं नाव नानांना शेवटपर्यंत आठवलं नाही, पण जिलब्या दोन मिळाल्या.

मी नोकरीला लागले ती रत्नागिरीतल्या एका सरकारी कचेरीत, शस्त्र परवान्यांच्या टेबलावर. कुठल्या कचेरीत ते सांगत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात आमची शाखा फारशी उजळ माथ्याने दिसत नाही. नाना तिथे अव्वल कारकून होते. शस्त्र परवाना म्हटलं की लोकांना सिनेमातले खलनायक आठवतात. आमच्या टेबलासमोर यायचे ते वानरांनी नि रानडुकरांनी वैतागलेले बागायतदार, काखोटीला ठासणीची बंदूक आणि पिशवीत तिची कागदपत्रं घेऊन. रिव्हॉल्व्हर क्वचित दिसायचं. ते दिसलं की शेजारच्या टेबलांवरचे लोक काहीतरी निमित्त काढून आमच्याकडे फेरी मारून जात.

नाना अंगाने काटकुळे. पांढरा बुशशर्ट, त्याच्या खिशात काळ्या दोऱ्याने बटणाला बांधलेलं एक भिंग. हे भिंग डोळ्याला लावून ते जगातली यच्चयावत वस्तू वाचत. घरी गॅसचा सिलिंडर आला की त्याचा नंबर वाचून झाल्याशिवाय तो उंबऱ्याच्या आत येत नसे. पंखा, मोटरचा पंप, भिंतीवरचा विजेचा मीटर, सगळ्यांचे नंबर त्यांना पाठ. "वस्तूवरचा आकडा म्हणजे तिचं तोंड," ते म्हणत. "तोंड न बघता ओळख कशी पटवणार?"

एकदा कचेरीला रंग लागला. रंगाऱ्याने उत्साहाच्या भरात भिंतींबरोबर खुर्च्यांच्या पाठीही रंगवून टाकल्या आणि त्यांच्यावरचे जडवस्तू नोंदवहीतले नंबर गेले. दुसऱ्या दिवशी नाना टेबलापाशी उभे. मला वाटलं, मूळव्याधीचा त्रास असेल, विचारायचं कसं? शेवटी तेच म्हणाले, "ही खुर्ची कोणाची आहे ते तिचं तिलाही माहीत नाही. मी कसा बसू?" पावणेदोन दिवस त्यांनी उभ्याने काम केलं. अखेर साहेबांनीच ब्रश मागवला आणि नंबर टाकून घेतले. साहेब म्हणजे आमच्या शाखेचे नायब तहसीलदार. देशावरून बदलून आलेले, सज्जन आणि कायम घाईत. नाना बसले तेव्हा साऱ्या शाखेने सुस्कारा टाकला. सर्वांत मोठा साहेबांचा होता.

हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल, माणूस बंदुकांचा शौकीन असणार. छे! नानांनी जन्मात कधी बंदूक उडवली नव्हती. आवाजाचं त्यांना एवढं भय, की दिवाळीत समोरच्या आळीत लक्ष्मी तोटे लागले की ते माजघरात जाऊन कानात कापूस घालून बसत. पस्तीस वर्षं ज्याने जिल्ह्यातली शस्त्रं हाताळली त्याला फटाका सोसत नव्हता, ही गोष्ट त्यांच्या बायकोने मला हसून हसून सांगितली होती. नाना तिथेच बसून होते. त्यांनी नुसतं म्हटलं, "आवाज ऐकवत नाही म्हणूनच तर नंबर बघतो."

त्या वाक्याचा अर्थ मला पुढे एका दाढीवाल्या बागायतदारामुळे कळला. त्याला आपल्या बंदुकीच्या नळीवर आजोबांचं नाव कोरायचं होतं आणि आकडा नेमका मध्ये येत होता. तो घासून टाकतो, म्हणाला. "माझी बंदूक, माझी नळी. तुमचं काय जातं?"

नानांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, "आजोबांचं नाव दस्त्यावर कोरा. लाकूड तुमचं आहे. लोखंडावरच्या आकड्याला हात लावायचा नाही. पुसायचा नाही, बदलायचा नाही, दुसरा ठोकायचा नाही. तसं करणं हा गुन्हा, आणि तुरुंगात घालणारा गुन्हा. का, सांगू? गोळी सुटते, माणूस मरतो. मारणारा पळून जातो. मागे राहतं ते लोखंड. ते बोलतं ते तेवढ्या पाच-सहा आकड्यांनी. तेही पुसलेत तर मेलेल्याच्या बाजूने बोलणार कोण?"

नानांनी पुढे आणखी एक गोष्ट सांगितली. ती मी त्या दिवशी नुसती ऐकली होती, नंतर तिचा चटका बसला. आकडा पुसलेलं शस्त्र ज्याच्या ताब्यात सापडतं, त्यानेच तो पुसला असं कायदा धरून चालतो. मी पुसला नाही, हे त्याने दाखवायचं.

आता बाईंचं सांगते.

बाई म्हणजे वेळणेश्वरच्या अलीकडच्या एका गावातल्या निवृत्त मुख्याध्यापिका. वय चौऱ्याहत्तर, कणा सरळ, नऊवारीची घडी मोडलेली कोणी पाहिली नाही. त्यांच्या यजमानांचा लाकडाचा धंदा होता. जंगलातून एकट्याने फिरावं लागे, म्हणून त्यांनी परवाना काढून रिव्हॉल्व्हर घेतलं होतं. ते गेल्यावर बाईंनी परवाना रीतसर आपल्या नावावर करून घेतला. गोळ्या त्यांनी तेव्हाच जमा करून टाकल्या. रिव्हॉल्व्हर मात्र ठेवलं, यजमानांचा हात त्या मुठीवर असायचा म्हणून. हे त्यांनीच मला एकदा सांगितलं होतं, अगदी सहज, साडीची निरी सारखी करता करता.

आणि नाना सातवीपर्यंत बाईंच्या हाताखाली शिकले होते. नानांना जगात दोनच माणसांची नावं हमखास आठवत, एक बायकोचं आणि दुसरं बाईंचं. दर वैशाखात ते बाईंकडे जात. बाई त्यांना आंबे देत आणि त्यांचं अक्षर बिघडलंय म्हणून बोल लावत.

परवान्याच्या नूतनीकरणाला बाई आल्या त्या त्यांच्या बागेतला जुना गडी शिवराम याला बरोबर घेऊन. मागच्या नूतनीकरणाच्या वेळी नानांना पुनर्वसनाच्या टेबलावर बसवलेलं होतं. तेव्हा ज्याने काम केलं त्याने परवान्याच्या पुस्तकातला नंबर बघून संगणकात भरला आणि पुढे 'पडताळला' असं लिहून मोकळा झाला. सगळे तसंच करतात. नूतनीकरणाचा अर्ज उघडला की जुना नंबर आपोआप येतो, खाली सही केली की संपलं. शस्त्र हातात घेऊन वाचणारे एकटे नाना.

बाईंनी रुमालात गुंडाळलेलं रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवलं. असं लखलखीत शस्त्र मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं. नानांनी ते हातात घेतलं, भिंग लावलं. मग उठून खिडकीपाशी गेले. तिरपं धरून पाहिलं, उलटं धरून पाहिलं. नळी, चौकट, गोळ्या बसतात ते चक्र, सगळं पाहिलं. परत येऊन बसले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"बाई, हे घासलं कोणी?"

"मीच की!" बाई कौतुकाने म्हणाल्या. "दर खंडेनवमीला. कोयते, विळे, पहार आणि हे. खाऱ्या हवेत लोखंड टिकतं होय? आधी चिंच नि राख, मग पॉलिश पेपर. शस्त्र पूजेला ठेवायचं ते काय गंजकं ठेवायचं? यंदा तर शिवरामाने ड्रिलला तारेचा ब्रश लावला. बघ, आरसा झालाय."

"झालाय, बाई," नाना म्हणाले.

आकडा गेला होता. वर्षानुवर्षांच्या भक्तिभावाने झिजत झिजत आला होता, आणि यंदा ड्रिलने उरलासुरला पुसून टाकला होता. बोटाला सुद्धा लागत नव्हता.

साहेबांना बोलावलं. त्यांनी बाईंकडे पाहिलं, रिव्हॉल्व्हरकडे पाहिलं आणि नानांना बाजूला घेतलं. मी जवळच होते, मला सगळं ऐकू येत होतं. "नाना, पुस्तकात नंबर आहे ना? तो लिहा आणि सोडा. या वयात बाई कोणाला गोळी घालणार आहेत?"

"साहेब, मी 'पाहिला' असं लिहिलं तर ते खोटं आहे," नाना म्हणाले. "आणि खोटं आहे ते राहू दे. उद्या निवडणूक लागेल, शस्त्रं पोलिसांत जमा होतील. तिथे एखादा हवालदार डोळे उघडे ठेवून बसलेला असला तर? तो बाईंना धरणार. त्या सांगतील, कचेरीत आत्ताच तपासलं. मग माझी सही बाईंना सोडवणार नाही, आणखी अडकवणार. म्हणतील, दोघांनी मिळून केलं."

साहेब म्हणाले, "मग काय करता?"

नाना टेबलाशी आले, पेन उघडलं आणि तपासणीच्या रकान्यात लिहिलं, 'क्रमांक दिसत नाही.' खाली सही, तारीख. मग उभं राहून त्यांनी ते बाईंना वाचून दाखवलं आणि पुढे काय होणार तेही सांगितलं. शस्त्र पोलिसांत जमा करावं लागेल. चौकशी होईल. गुन्हा दाखल होऊ शकतो. अटकही.

शिवराम मटकन खाली बसला. बाई बसल्या नाहीत. म्हणाल्या, "वा रे वा! मी तुला हेच शिकवलं?"

"होय, बाई."

बाईंच्या डोळ्यांत असा राग मी पाहिला, की सातवीतल्या पोरांची मला दया आली. "आजपासून स्वतःला माझा विद्यार्थी म्हणवू नकोस," त्या म्हणाल्या आणि बाहेर पडल्या.

आम्ही मागोमाग गेलो तर आवारातल्या फणसाखाली शिवराम हात जोडून नानांना आडवा आला. "नाना, माजा ऐका. एमआयडीसीत माजा पाव्हना हाय, लेथवर. त्याच्याकडं आकड्यांचं पंच हायत. पुस्तकात हाय तोच नंबर ठोकून आणतो, तासाभरात. खोटा थोडाच हाय? तोच तर नंबर!"

त्या दिवशी मी नानांना पहिल्यांदा आणि शेवटचं ओरडताना ऐकलं. "अरे मेल्या, खबरदार! आता झालंय ते न कळता झालंय. तू पंच लावलास की ते जाणूनबुजून केलेलं होईल. मग खरा आकडा पण खोटा, आणि बाईंना वाचवायला ब्रह्मदेव आला तरी वाट उरणार नाही. त्याला आता फडकं सुद्धा लावायचं नाही. समजलं काय?"

शिवरामला समजलं. मला वाटतं, बाईंनाही समजलं, पण त्यांनी मान वळवली नाही. पोलीस ठाण्यापर्यंत त्या शिवरामबरोबर रिक्षाने गेल्या. नानांना त्यांनी रिक्षात घेतलं नाही. मग आमचे अव्वल कारकून माझ्या स्कूटीच्या मागच्या सीटवर, हातात परवान्याची फाइल घट्ट धरून, सगळा रस्ता "हळू चालव, अगो हळू," म्हणत रिक्षाच्या मागोमाग आले. शस्त्र सीलबंद झालं, पोच मिळाली आणि बाई त्यांच्याशी एक शब्द न बोलता एसटीत बसल्या.

पुढचे दिवस वाईट गेले. कचेरीच्या कॅन्टीनमध्ये नाना चहाला आले की कोणीतरी म्हणायचं, "आले बघा, गुरुदक्षिणा देणारे." नानांनी कॅन्टीन सोडलं. गावात तर 'बाईंकडे चोरीचं पिस्तूल सापडलं' इथपर्यंत मजल गेली. ज्या बाईंनी दोन पिढ्यांना पाढे शिकवले, त्यांचं अंगण टाळून लोक वाट वाकडी करून जायला लागले. शेजारच्या वहिनी रोज दगडी गडग्यापलीकडून हाक मारायच्या, त्यांचीही हाक थांबली. हे शिवराम येऊन सांगे. नाना ऐकून घेत आणि फाइल उघडून बसत. मलाही त्यांचा राग आला होता, खोटं कशाला बोलू? एकदा मी म्हटलंच, "नाना, एवढं वाचलं नसतंत तर चाललं नसतं का?"

"चाललं असतं," ते म्हणाले. "हवालदार येईपर्यंत."

एका सोमवारी ते कामावर आले ते उजळलेल्या चेहऱ्याने. रविवारी एसटी पकडून ते अलोऱ्याला जाऊन आले होते. तिथे पोलिसांचे एक निवृत्त आर्मोरर राहत, आयुष्यभर शस्त्रं दुरुस्त केलेले. त्यांनी सांगितलं होतं, की या बनावटीच्या रिव्हॉल्व्हरवर बाहेरच्या आकड्याशिवाय आणखी एक आकडा असतो. मुठीला दोन्हीकडून लाकडी पट्ट्या असतात, त्यांच्या आत, लोखंडावर. तो घासला जात नाही, कारण तो आहे हे फारसं कोणाला ठाऊकच नसतं. "पण," आर्मोरर म्हणाले होते, "तुमच्याकडची खारी हवा आत शिरली असेल, तर मी काही सांगू शकत नाही."

नानांनी त्याच दिवशी पोलीस ठाण्याला पत्र दिलं. शस्त्र प्रयोगशाळेत पाठवण्याआधी पंचांसमोर मूठ उघडावी, आतला क्रमांक वाचावा आणि परवानाधारक बाईंना हजर ठेवावं. पत्राला आठ दिवसांनी उत्तर आलं. भर दुपारी बारा वाजता बोलावलं.

ठाण्यात लांबलचक टेबल, टेबलावर पांढरा कागद, त्यावर बाईंचं रिव्हॉल्व्हर. दोन पंच, इन्स्पेक्टर, पोलिसांचा आर्मोरर, नाना, मी. बाई भिंतीलगतच्या बाकावर ताठ बसलेल्या. शिवराम दाराबाहेर, त्याला आत यायचा धीरच झाला नाही.

मुठीचा स्क्रू गंजून बसला होता. तेल सोडलं, थांबलो. फिरला. लाकडी पट्टी निघाली आणि आत पाहिलं तर तांबूस गंज. आर्मोररने खिशातून पॉलिश पेपरचा तुकडा काढला मात्र, नाना उभे राहिले. "घासू नका! तेल आणि मऊ फडकं. बस्स." आर्मोररने इन्स्पेक्टरांकडे पाहिलं. इन्स्पेक्टर म्हणाले, "ते म्हणतात तसं करा."

तेलाचा थेंब. फडकं. पुन्हा थेंब. गंज सुटायला लागला आणि त्याच्या खालून काहीतरी उमटल्यासारखं दिसलं. नानांनी भिंग डोळ्याला लावलं. इन्स्पेक्टरांनी परवान्याचं पुस्तक उघडून हातात धरलं.

"सात," नाना पुटपुटले.

"मोठ्याने वाच," बाकावरून आवाज आला. "मागच्या बाकापर्यंत ऐकू आलं पाहिजे."

इतक्या दिवसांत बाई त्यांच्याशी पहिल्यांदा बोलल्या होत्या. नानांनी घसा खाकरला, पाठ सरळ केली. "सात! एक! नऊ! चार!" प्रत्येक आकड्याला इन्स्पेक्टरांचं बोट पुस्तकात पुढे सरकत होतं आणि मान हलत होती. मग नाना थांबले.

शेवटचा आकडा गंजाच्या एका ठिपक्याखाली होता.

"काय झालं?" इन्स्पेक्टर म्हणाले. "आठ आहे, नाना. पुस्तकात आठ आहे. बाकी सगळे जुळले, म्हणजे आठच असणार. म्हणा आठ, पंचनामा लिहून घेतो."

नानांना तो आकडा तोंडपाठ होता. महिनाभर त्यांनी दुसरं काही घोकलं नव्हतं. बाई पलीकडे बसल्या होत्या. एक शब्द बोलायचा, की त्या सुटणार होत्या. मी मनातल्या मनात म्हणत होते, म्हणा हो नाना, म्हणून टाका!

"दिसत नाही, साहेब," नाना म्हणाले. "तीन असेल, आठ असेल. दिसला की वाचतो."

आर्मोररने आणखी एक थेंब सोडला. भिंतीवरच्या घड्याळात पंधरा मिनिटं गेली, आणि ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब पंधरा मिनिटं होती. मी बाईंकडे पाहिलं. वाटलं, त्या संतापल्या असतील. त्या नानांकडे बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. परीक्षेच्या खोलीत पुढच्या मुलाच्या पाटीत न डोकावता आपलं गणित सोडवत बसलेल्या पोराकडे शिक्षक बघतात, तसं त्या बघत होत्या.

आर्मोररने फडक्याचं टोक अलगद फिरवलं. नाना वाकले. त्यांनी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं.

"आठ!" नाना एवढ्या मोठ्याने ओरडले की दाराबाहेर शिवरामने तिथल्या तिथे देवाला हात जोडले. "आठ आहे! दोन्ही गोल पुरे दिसतायत. या, साहेब, तुम्ही बघा. पंचांनी पण बघा. अगो, तू पण बघ!"

सगळ्यांनी पाहिलं. मीही पाहिलं. सात, एक, नऊ, चार, आठ. इतका देखणा आठ मी आजवर पाहिलेला नाही.

त्या दिवशी कागदोपत्री काही मिटलं नाही. सरकारी काम एका आठाने संपत नसतं. शस्त्र प्रयोगशाळेत गेलं. तिथे चौकटीवरच्या घासलेल्या जागी कसलं तरी आम्ल लावतात. आकडा ठोकताना लोखंड आतपर्यंत दाबलं जातं, त्यामुळे वरचा थर गेला तरी आतली खूण उमटते म्हणे. तीही उमटली, आणि तोच आकडा निघाला. चौकशीच्या अहवालात लिहून आलं, की शस्त्र परवान्यातलंच आहे, आतला क्रमांक जसाच्या तसा आहे, ओळख लपवण्याचा हेतू दिसत नाही, पूजेसाठी घासण्याने बाहेरचा क्रमांक झिजला आहे. गुन्हा दाखल झाला नाही. आणि शिवरामच्या पाहुण्याने पंच लावला असता तर त्या आम्लाखाली जुन्या आकड्यावर नवा ठोकलेला दिसला असता, आणि मग हेतू नव्हता असं कोणी लिहिलं नसतं.

चौकशी बंद केल्याच्या आदेशाची प्रत टपालाने पाठवायची पद्धत आहे. नानांनी पाकिटावर पत्ता लिहिला, तिकीट लावलं, मग उठले आणि साहेबांकडे जाऊन अर्ध्या दिवसाची रजा मागितली. पस्तीस वर्षांत त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा घेतल्याचं कोणाला आठवत नव्हतं. साहेबांनी पूर्ण दिवसाची दिली आणि मला म्हणाले, "तुम्ही पण जा. एकटे गेले तर गाडीचा नंबर वाचत बसतील आणि एसटी चुकेल."

आम्ही पोचलो तेव्हा बाई पडवीत सुपारी कातरत बसल्या होत्या. नाना अंगणातच उभे राहिले. बाईंनी 'ये' म्हटलं नव्हतं. त्यांनी पाकीट फोडलं, कागद उघडला आणि तिथूनच, खणखणीत आवाजात, पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत आदेश वाचला. जावक क्रमांक सुद्धा सोडला नाही. गडग्यापलीकडे शेजारच्या वहिनी वाळवणं उलटत होत्या, त्यांचा हात थांबला. वाटेने जाणारी दोन माणसं थांबली. आणखी कोणी कोणी आले. शिवराम खळ्याच्या कडेला उभा राहून चक्क रडत होता आणि ते लपवायचा प्रयत्नही करत नव्हता.

वाचून झालं. नानांनी कागदाची घडी घातली. ती पुढे करायला ते एक पाऊल चालले आणि पुन्हा थांबले. त्यांचे डोळे भरून आले होते. "बाई," ते म्हणाले, "मी चुकलो असेन तर..."

"गप्प बस," बाई म्हणाल्या.

त्या उठल्या. अडकित्ता सुपात ठेवला, पदर सारखा केला, पायऱ्या उतरून अंगणात आल्या. नानांचं मनगट त्यांनी पकडलं, शाळेतल्या पोराचं पकडावं तसं, आणि त्यांना ओढत गडग्यापाशी नेलं. साठीला टेकलेला अव्वल कारकून मुकाट्याने मागून चालला.

"वहिनी!" बाईंनी हाक मारली. आवाज असा, की खालच्या वाडीपर्यंत गेला असेल. "अहो वहिनी, इकडे या जरा! सगळेच या! हा माझा विद्यार्थी, बरं का. माझा!"